अपंगांच्या संस्थेला एवढा थाट कशाला?

खजिनदार_निवृत्त: अमेरिकेत, कॅलिफोर्नियात मुलाकडे फ्रीमाँटला आलोय. काल बर्कलीचा एड रॉबर्ट्स कॅम्पस पाहिला. अपंगांच्या बऱ्याच संस्थांची कार्यालयं एका छताखाली, २०१० साली उघडलेली. मधोमध लालभडक गोल रॅम्प, वर काच. देखणं आहे, वाद नाही. पण सेवाभावी कामाला हा थाट? याच पैशात किती व्हीलचेअर वाटता आल्या असत्या! आपल्याकडे माणसं पत्र्याच्या शेडमध्ये संस्था चालवतात.

चाकवाली: काका, 'वाटता आल्या असत्या' वाचलं आणि डोकं फिरलं. वाटपातली एक खुर्ची माझ्याकडेही आहे. मापाची नाही, पुढची चाकं महिन्यात गेली. फोटो मात्र झकास आलाय.

मी बर्कलीत दोन वर्षं शिकले. तो रॅम्प शोभेचा नाही. लिफ्ट बंद पडली तर वरच्या मजल्यावरच्या खुर्चीवाल्यांनी काय खिडकीतून उतरायचं? दोन खुर्च्या शेजारी-शेजारी गप्पा मारत जातील एवढा रुंद आहे तो. लिफ्ट पायाच्या धक्क्यानंही बोलावता येते. आणि मुख्य म्हणजे इमारत ॲशबी या लोकल रेल्वेच्या स्टेशनाला लागून आहे. आपल्याकडे अशा संस्थेला जागा मिळते ती गावाबाहेर, जिथे बस फिरकत नाही, आणि वर 'निसर्गरम्य परिसर' म्हणायचं!

ज्याचं नाव इमारतीला आहे तो एड रॉबर्ट्स पोलिओनं अपंग झालेला. १९६२ मध्ये तो बर्कलीच्या विद्यापीठात आला, तेव्हा त्याचं लोखंडी फुप्फुस, म्हणजे श्वास घ्यायला लागणारं अवजड यंत्र, वसतिगृहात ठेवता येईना. तो विद्यापीठाच्या इस्पितळात राहून शिकला. १९७२ मध्ये त्याच्यासारख्यांनीच इंडिपेंडंट लिव्हिंगचं, म्हणजे अपंगांनी स्वतंत्रपणे जगावं यासाठीचं केंद्र काढलं. ते कार्यालय आता याच इमारतीत आहे. तिथे अपंग माणसं रांगेत उभी नसतात, टेबलामागे बसलेली असतात.

खजिनदार_निवृत्त: भावना पोचल्या. पण मी वीस वर्षं एका संस्थेचा हिशेब सांभाळलाय. देणगीदार विचारतो, किती मुलं जेवली? रॅम्पला कोणी पावती फाडत नाही.

शुद्धमराठी: कृपया 'दिव्यांग' म्हणा.

चाकवाली: म्हणा हो. दिव्य काय असतं ते लिफ्ट बंद असली की कळतंच.

ठाण्याचा_इंजिनिअर: रॅम्प निघालाच आहे तर माझं रडगाणं ऐका. हिशेब सोपा आहे: एक इंच चढायला बारा इंच लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या, म्हणजे अठरा फूट. आमचे चेअरमन म्हणाले, सहा फुटांत बसवा. बसवला! त्यावरून दूधवाल्याची सायकल चढते, तीही ढकलत. आता तिथे दोन ॲक्टिव्हा उभ्या असतात.

सेक्रेटरी_बी_विंग: बोलायला काय जातं? अठरा फूट म्हणजे दोन गाड्यांचं पार्किंग. त्यावरून सर्वसाधारण सभेत खुर्च्या फेकल्या जातील. आणि आमच्या सोसायटीत एकही अपंग नाही.

ठाण्याचा_इंजिनिअर: पायऱ्या बघून कोण फ्लॅट घेईल? साहेब, अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये सांगितलंय.

सेक्रेटरी_बी_विंग: कोर्टानं पार्किंगही द्यावं मग.

नाशिकची_मीरा: 'एकही नाही' म्हणणाऱ्याच सोसायटीत आम्ही राहतो. पक्षाघातानंतर बाबांना चौघं खुर्चीसकट उचलायचे. एकदा हात निसटला. कोणाला लागलं नाही, पण बाबा ओशाळले. "लोकांना त्रास कशाला," म्हणाले, आणि पुढची दोन वर्षं खाली उतरलेच नाहीत. चौथ्या मजल्यावरून संकष्टीला देवळाचा कळस बघायचे.

सेक्रेटरी_बी_विंग: तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटतं, पण व्यक्तिगत उदाहरणांवर सोसायटी चालत नाही.

चाकवाली: मग कशावर चालते? ॲक्टिव्हांवर?

खजिनदार_निवृत्त: धागा माझा होता, तो पार्किंगमध्ये नेऊन लावलात. असो. रॅम्प गरजेचा, मान्य. स्टेशनाजवळची जागा, तीही मान्य. काचेचं छत मात्र थाटच.

चाकवाली: छत तुम्हाला दिलं, काका. मुंबईला आलात की आमच्या कार्यालयात या. जागा फुकट मिळाली आहे. पहिला मजला, लिफ्ट नाही. माझ्या सह्या घ्यायला शिपाई खाली रिक्षापाशी येतो.

सेक्रेटरी_बी_विंग: आमच्या पायऱ्या चार आहेत. तेवढ्याच उंचीच्या. नुसतं विचारतोय.

ठाण्याचा_इंजिनिअर: चोवीस फूट. वर-खाली सपाट जागा वेगळी.