‘बेसमेंट जॅक्स’ यांची खरी कमाई

‘रेमेडी’ (1999) या पहिल्या अल्बमनंतर बेसमेंट जॅक्स या ब्रिटिश नृत्यसंगीतकार जोडीने स्वतःचीच पुनरावृत्ती केली, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. फीलिक्स बक्स्टन आणि सायमन रॅटक्लिफ यांनी 1994 च्या सुमारास दक्षिण लंडनमधील ब्रिक्स्टन भागात सुरुवात केली, ती स्वतःच्या ‘अटलांटिक जॅक्स’ या लेबलवर छोट्या रेकॉर्ड काढून आणि रात्रीच्या नृत्यमैफली भरवून. ‘हाऊस’ या अमेरिकी इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे संस्कार त्यांच्यावर स्पष्ट दिसतात. परंतु त्यात लॅटिन ताल, रॅगा (जमैकाचे नृत्यसंगीत) आणि फंक (ठेकेबाज अमेरिकी संगीत) इतके बेधडक मिसळलेले आहेत की त्याला निव्वळ अनुकरण म्हणता येत नाही.

‘रूटी’ (2001) हा तर उलट पुरावाच आहे. त्यातील ‘व्हेअर्स युअर हेड ॲट’ या गाण्यात ब्रिटिश गायक गॅरी न्यूमनच्या जुन्या सिंथेसायझर-संगीताचे तुकडे घेऊन जवळपास पंक (आक्रमक रॉक) म्हणावा असा दणका उभा केला आहे, तर ‘रोमिओ’ सरळ मनमोकळे पॉप आहे. (त्याची चित्रफीत हिंदी चित्रपटांच्या थाटाची आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.) पुढच्या ‘किश कॅश’मध्ये (2003) पंक काळातली गायिका सूझी सू आणि तरुण रॅपर डिझी रास्कल असे दोन टोकांचे आवाज एकत्र आले आणि सर्वोत्कृष्ट इलेक्ट्रॉनिक/डान्स अल्बमचा ग्रॅमी, जो 2005 मध्ये प्रथमच दिला गेला, त्यालाच मिळाला.

नंतरच्या अल्बममध्ये धार थोडी बोथट झाली, हे मान्य. तरीही 2011 मध्ये नेदरलँड्सच्या मेट्रोपोल ऑर्केस्ट्राबरोबर त्यांनी आपलीच गाणी नव्याने बांधली, ती अवश्य ऐकावीत.