पाचवी ते आठवीच्या मुलांचं तर्कशास्त्र : तुमचेही अनुभव सांगा

सहावीला गणित शिकवते. चाचणीत 4.5 + 0.1 विचारलं होतं. एका मुलाने लिहिलं, 5. बेरजेत तो पक्का, म्हणून बोलावून विचारलं. म्हणाला, "बाई, चार पॉइंट पाचनंतर एक बॉल टाकला की ओव्हर संपते. मग पाचच ना?" मागच्या बाकांवरच्या माना जोरजोरात हलल्या. टीव्हीवर तसंच दिसतं, त्यांचं काय चुकलं?

तो तास मी क्रिकेटलाच दिला. ओव्हरमधलं टिंब हे दशांशचिन्ह नव्हे, तिथे दहाऐवजी सहाला हातचा येतो. मग विचारलं, 4.3 ओव्हरमध्ये 45 धावा, तर रनरेट किती? सगळे 4.3 ने भागत बसले. तीन बॉल म्हणजे अर्धी ओव्हर, हे एका मुलीच्या लक्षात आलं. 45 भागिले 4.5, बरोब्बर 10! वर्गभर टाळ्या. त्या मुलाला मी अर्धा गुण दिला, तो मला आजही योग्य वाटतो.

तुम्हीही लिहा. मुलांची नावं मात्र नकोत.

* * *

दशांशावरून आठवलं. आमच्या पाचवीत 0.25 हे 0.5 पेक्षा मोठं, कारण 25 मोठे! मी म्हटलं, 25 पैसे आणि 50 पैसे आठवा. सगळे गप्प. पंचवीस पैशांचं नाणं 2011 मध्येच चलनातून गेलं, ही मुलं त्यानंतर जन्मलेली. शेवटी अर्धी आणि पाव भाकरी काढून दाखवली.

* * *

मी भूगोलाचा, नाशिक जिल्ह्यातला. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, अरबी समुद्र तिथून ऐंशीएक किलोमीटर. तरी ती 1,465 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला का जाते? सातवीतली मुलगी म्हणाली, "सर, मागे समुद्र आहे हे तिला कळणार कसं? मध्ये डोंगर आहे ना!" सह्याद्रीचा पूर्वेकडचा उतार समजावायला मला यापेक्षा चांगली सुरुवात मिळाली नसती. आता दरवर्षी तिथूनच सुरू करतो.

* * *

आठवीला मराठी. रजेचा अर्ज लिहून घेतला. एकाने शेवटी फक्त "आपला विद्यार्थी" लिहिलं. "आज्ञाधारक कुठे गेलं?" म्हटलं, तर शांतपणे म्हणाला, "बाई, अर्जात खरं तेच लिहायचं असं तुम्हीच सांगितलंत." मी तसाच तपासून बरोबरची खूण केली.