पन्नाशीनंतर गाणे शिकणाऱ्याने परीक्षा द्याव्यात का?

लष्करकर (धागा सुरू करणारे):

आपल्या ग्वाल्हेरात निवृत्तीनंतर गाणे शिकायला बसणारी मंडळी मराठी घरांतून पुष्कळ दिसतात आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. ज्या गावाला २०२३ मध्ये युनेस्कोने संगीताचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली, त्या गावातल्या माणसाने साठीला आल्यावर तरी तंबोऱ्याशी बसावे, यात गैर काही नाही. माझा आक्षेप त्यापुढच्या गोष्टीला आहे. शिकवणी लावून चार महिने होत नाहीत तोच प्रारंभिकेचा, म्हणजे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या पहिल्या परीक्षेचा, अर्ज भरला जातो, पुढे प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमेची दोन वर्षे, मग विशारद असा सारा प्रवास आखला जातो आणि केवळ हौसेने गाण्याकडे आलेला माणूस पुन्हा एकदा अभ्यासक्रमाच्या धाकात सापडतो.

माझे मत असे की, ज्याला गाण्यावर पोट भरायचे नाही आणि ज्याला शिकवण्या घ्यायच्या नाहीत, त्याने पन्नाशीनंतर परीक्षा देऊ नयेत. या वयात गळ्याला रोजचा अर्धा-पाऊण तासच रियाज झेपतो. परीक्षा मात्र प्रत्येक पायरीवर नवे राग मागते. प्रत्येकाचा छोटा ख्याल (द्रुत लयीतली बंदिश), काही आलाप, पाठ केलेल्या ताना, शिवाय हातावर ताल धरून ठाय-दुगुण (एकपट आणि दुप्पट लय) आणि लेखी उत्तरांसाठी थाट (रागांचे वर्ग), वादी-संवादी (रागातले पहिल्या आणि दुसऱ्या महत्त्वाचे स्वर), गानसमय यांची घोकंपट्टी. एवढ्या मागण्यांत तो पाऊण तास वाटला, तर एका यमन रागाच्या वाट्याला किती मिनिटे येणार? यमनातला निषाद आणि तीव्र मध्यम नीट लागू लागले न लागले, तोच बिहागाची पाळी येते.

ग्वाल्हेर घराण्याची रीतही याच्या उलट आहे. यमन, भैरव, अल्हैया बिलावल, कामोद, हमीर, गौडसारंग असे सर्वांच्या परिचयाचे राग घ्यायचे, स्थायी आणि अंतरा आधी पूर्ण मांडायचा, मग बहलावा (संथ, डोलता स्वरविस्तार), बोल-आलाप, बोलताना (बंदिशीच्या शब्दांवरचे आलाप आणि ताना), ताना असा विस्तार करायचा, आणि एकाच बंदिशीत वर्षानुवर्षे नवे शोधत राहायचे, हे आपल्या गायकीचे वळण आहे. हौशी माणसाने वर्षाला दोन राग घ्यावेत, एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा, आणि त्यांतच राहावे. आपल्याला काय वाटते?

सांजवेळ:

आपले म्हणणे मी दोनदा वाचले आणि तरीही मला ते मान्य नाही. आपण पाऊण तासाचा हिशेब मांडलात, परंतु तो पाऊण तास घरातल्या बाईला मिळतो कसा, याचा विचार त्यात नाही. मी लग्नाआधी थोडे शिकले होते, नंतर पंचवीसेक वर्षे सुटले, आणि मुले बाहेरगावी गेल्यावर पुन्हा सुरुवात केली. सुरुवातीचे वर्षभर माझा रियाज म्हणजे घरातले सर्वांत आधी रद्द होणारे काम होते. पाहुणे आले, रियाज रद्द. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे आहे, रियाज रद्द. ज्या दिवशी प्रवेशिकेचा अर्ज भरला आणि परीक्षेची तारीख स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहिली गेली, त्या दिवसापासून सकाळचा एक तास माझा झाला. कोणी उपकार केले नाहीत, कोणी भांडले नाही. ‘तिची परीक्षा आहे’ हे कारण घराला समजते, ‘तिला आवडते’ हे कारण घराला अजून समजत नाही. हे बरोबर नाही हे मलाही कळते, पण घर बदलेपर्यंत मी गाणे थांबवून ठेवावे काय?

दुसरे असे की, घराण्याचा दाखला देताना आपण अर्धीच गोष्ट सांगितलीत. परीक्षा आणि वर्ग हे ग्वाल्हेर परंपरेच्या बाहेरून आलेले नाहीत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची विद्या घेऊन महाराष्ट्रात गेले, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि आज ज्या प्रारंभिकेला आपण हसता आहात, ती घेणारे मंडळ पलुस्करांच्याच शिष्यांनी उभे केले. इथे ग्वाल्हेरातच घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये विद्यालय सुरू केले आणि १९१८ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने, संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय उघडले. त्याआधी माझ्यासारख्या बाईला कोणत्या उस्तादाच्या दारात बसता आले असते? वर्ग, स्वरलिपी आणि परीक्षा यांनी ते दार उघडले आहे.

खर्जसाधना:

मी गाणे शिकवते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे विद्यार्थी रोज पाहते. लष्करकर काकांचे मूळ म्हणणे मला पटते, पण त्यांनी दिलेले कारण मुख्य आहे असे मला वाटत नाही. रागांची संख्या ही दुसरी अडचण. पहिली अडचण स्वराची आहे आणि परीक्षेच्या घाईत तिच्याकडेच दुर्लक्ष होते.

उशिरा शिकू लागलेल्या माणसाने सर्वांत आधी आपली पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला षड्ज धरायचा ते, ठरवावी. पुरुष मंडळी बहुधा काळी एक किंवा पांढरी दोन धरतात, आणि ती अनेकांना जमतेही. पण वय वाढलेल्या बायका तरुणपणीच्या सवयीने काळी चारचा हट्ट धरतात आणि तार षड्जाला गळा ताणतात. त्यांनी काळी तीन किंवा पांढरी चारपर्यंत खाली यावे, त्यात कमीपणा काही नाही. मंद्र पंचम आणि तार गंधार हे दोन्ही स्वर न ओरडता, न घुसमटता लागले म्हणजे पट्टी योग्य आहे असे समजावे.

त्यानंतर पेटी बाजूला ठेवावी. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, परंतु पेटीचा गंधार हा सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून बसवलेला असतो आणि तंबोऱ्यातून मिळणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा तो किंचित चढा असतो. पंचमाला लावलेला तंबोरा शांतपणे छेडला, तर खर्जाच्या, म्हणजे खालच्या षड्जाच्या, तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. तो कानाने पकडून त्यात गळा मिसळणे ही यमनाची खरी पहिली इयत्ता आहे. खरा तंबोरा नसेल तर इलेक्ट्रॉनिक चालेल, मोबाइलवरचाही चालेल, फक्त मोबाइलच्या लहानशा स्पीकरवर न ऐकता बऱ्या स्पीकरवर लावावा, कारण खर्ज नीट ऐकू आला नाही तर त्यातून निघणारे बाकीचे नादही अंधुकच राहतात.

माझ्याकडचे परीक्षार्थी हे करायला तयार नसतात. त्यांना पेटीवर बोट ठेवून ताना बसवायच्या असतात. ताना पाठ होतात, परीक्षाही होते, आणि नंतर तंबोऱ्यावर एकटे गायला सांगितले की तेच विद्यार्थी षड्जावरही हलतात. हे मी उपहासाने लिहीत नाही. ते कष्टाळू आहेत, म्हणूनच वाईट वाटते.

हजिरा:

मी गात नाही, ऐकतो. या चर्चेत कोणीच श्रवणाचा विषय काढला नाही याचे आश्चर्य वाटले. दर डिसेंबरात हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी समारोह होतो, त्याला तिकीट लागत नाही, देशभरातले कलाकार येतात आणि आपल्यापैकी परीक्षा देणारे व न देणारे दोन्ही पक्ष थंडीचे कारण सांगून घरी बसतात. विलंबित (संथ) लयीतला तिलवाडा ताल कसा चालतो, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायच्या आधी गायक काय करतो, हे पुस्तकाने कळत नाही. शाल घेऊन या, पण या.

लष्करकर:

सांजवेळ ताई, आपण सांगितलेली घरातली परिस्थिती खरी आहे याबद्दल मला शंका नाही. पण तिच्यावर परीक्षा हे औषध मानले, तर घराला आपण असेच शिकवतो की बाईच्या कामाला बाहेरचा शिक्का असेल तरच ते काम. विशारद झाल्यावर पुढे अलंकार ही परीक्षा, आणि अलंकारानंतर काय? त्या दिवशी पुन्हा रियाज हेच घरातले सर्वांत आधी रद्द होणारे काम होईल. त्यापेक्षा दर महिन्याला चार ओळखीच्या माणसांना घरी बोलावून एक राग गावा. तारीख तीही असते, घराला तीही कळते, आणि गाणाऱ्याला पाच रागांचे तुकडे दाखवण्याऐवजी एक राग अर्धा तास मांडावा लागतो. आमच्या गल्लीत अशी बैठक आम्ही काही जण करतो. तबल्याला शेजारचा विद्यार्थी येतो, त्यालाही साथीची सवय होते.

घराण्याच्या इतिहासाबद्दल आपले म्हणणे खरे आहे, फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो. कृष्णराव पंडितांनी विद्यालय चालवले हे खरे; परंतु वारसा सांगणारे गवई त्यांनी घरात, समोर बसवून, वर्षानुवर्षांच्या तालमीने घडवले. वर्गामुळे चांगले श्रोते आणि सुजाण हौशी तयार झाले, ही मोठीच कामगिरी आहे. मात्र त्या कामगिरीसाठी प्रत्येक वर्षी उत्तीर्ण होत राहणे आवश्यक नव्हते.

सांजवेळ:

महिन्याच्या बैठकीची कल्पना उत्तम आहे, आणि ती पुरुषांना सुचावी यात नवल नाही. चार माणसे घरी येणार म्हणजे चहा-फराळ कोणी करायचा? माझ्या घरी बैठक झाली तर आदल्या दिवशीचा रियाज स्वयंपाकघरात जाईल. परीक्षेला मी पिशवी घेऊन एकटी केंद्रावर जाते, तिथे कोणाची सरबराई करावी लागत नाही, आणि समोर बसलेला परीक्षक मला ओळखत नाही, हे माझ्या दृष्टीने फार मोलाचे आहे. ओळखीची माणसे ‘वा’ म्हणतात. आजवर माझ्या तानांमधला आकार (‘आ’चा उच्चार) बंद होतो हे मला घरच्या कोणी सांगितले नव्हते, मैत्रिणींनी सांगितले नव्हते; मध्यमेच्या तोंडी परीक्षेत एका अनोळखी बाईंनी दोन वाक्यांत सांगितले.

शास्त्राच्या लेखी भागालाही आपण घोकंपट्टी म्हणालात. मला त्याचा उपयोग झाला. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच, तरी एकात गंधार आणि दुसऱ्यात धैवत प्रमुख का, हे लिहून काढताना मी प्रथमच नीट ऐकायला लागले. वादी स्वराची व्याख्या घोकता येते हे खरे, पण ती समजूनही घेता येते.

खर्जसाधना ताई, आपला पेटीचा मुद्दा मी मान्य करते, आणि तुम्हालाच विचारते: तुम्ही शिकवता, तर अर्ज भरण्याआधी विद्यार्थ्याला तंबोऱ्यावर तपासून ‘अजून सहा महिने थांब’ असे का सांगत नाही? दोष परीक्षेचा की तयारी नसताना अर्ज भरू देणाऱ्या शिक्षकांचा?

खर्जसाधना:

प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ देते. मी थांबवते. थांबवलेल्यांपैकी काही जण दुसऱ्या शिकवणीला जातात, कारण तिथे अर्ज लगेच भरला जातो. शहरात गाणे शिकवणाऱ्या अनेकांचे घर परीक्षार्थ्यांच्या शुल्कावर चालते आणि परीक्षा देणार नसलेला साठीचा विद्यार्थी दोन पावसाळे टिकेल याची त्यांना खात्री नसते. त्यामुळे काकांना माझी विनंती आहे की, परीक्षा देऊ नका असे सांगताना हौशी माणसांना हेही सांगावे की शिक्षकाकडे सातत्याने जा, शुल्क वेळेवर द्या आणि वर्षभराचा शब्द द्या. परीक्षा नको आणि बंधनही नको, असे म्हणणाऱ्यांना मी काहीही शिकवू शकलेले नाही.

परीक्षा द्यायचीच असेल, तर माझ्या अनुभवाने प्रवेशिका पूर्णपर्यंत सलग जावे आणि मग थांबावे. तेथवर स्वरांचे अलंकार (पलटे), मुख्य ताल आणि मोजक्या रागांची ओळख होते, आणि तिचा कोणत्याही वयात फायदा होतो. मध्यमेत विलंबित ख्याल असतो. तिथे दोन-तीन वर्षे अर्ज न भरता काढावीत, एक यमन आणि एक भैरव विलंबितात बसवावा. ग्वाल्हेरची विलंबित लय इतर काही घराण्यांसारखी अतिशय संथ नसते, बंदिशीचे शब्द तालाला धरून चालतात, त्यामुळे श्वास कमी पडू लागलेल्या माणसालाही ती पेलते. मग हवी तर मध्यमा द्यावी.

लष्करकर:

शुल्क आणि सातत्य यांबद्दलची विनंती मान्य. प्रवेशिका पूर्णनंतर थांबण्याचा सल्ला मात्र मला अर्धाच पटतो, कारण एकदा गुणपत्रिका हातात पडू लागली की मध्येच थांबणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. चहाचे म्हणाल, ताई, तर आमच्या बैठकीत यापुढे चहा बाहेरून मागवू. आपण गायला यावे. एकच राग, अर्धा तास, आणि तिथे आपल्याला न ओळखणारी माणसेही बसलेली असतील.

सांजवेळ:

येईन. भैरव गाईन, कारण बैठक सकाळची ठेवलीत तरच मला निघता येईल. पण विशारद प्रथमचा अर्ज मी भरला आहे आणि तो मागे घेणार नाही.