शब्दचर्चा: आईवडिलांचा आशीर्वाद ‘घ्यायचा’ म्हणजे काय?

पाटीपेन्सिल: आईवडिलांच्या पाया पडून आपण आशीर्वाद ‘घेतो’. त्यात घेण्याजोगं नेमकं काय असतं? वर, पुण्याई, दुवा यांहून तो वेगळा कसा? आणि लिहायचं कसं: आशिर्वाद, आर्शीवाद की आशीर्वाद?

रफार: लेखनाचं आधी सांगतो. आशीर्वाद, शी दीर्घ. मूळ शब्द आशिस्. पुढे ‘वाद’ आला की स् चा र् होतो आणि त्याच्या आधीची इ दीर्घ होते. हा र् ‘वा’च्या लगेच आधी उच्चारला जातो, म्हणून रफार ‘वा’वर. आर्शीवाद लिहिणारे तो एक घर अलीकडे सरकवतात. शुभाशीर्वाद, आशीर्वचन यांनाही हाच नियम.

उपधा: अर्थ त्या आशिस्‌मध्येच आहे. जे इष्ट अजून मिळालेलं नाही ते मिळो, ही इच्छा म्हणजे आशिस्. वाद म्हणजे बोलणं. नुसती मनात राहिली तर ती सदिच्छा. तोंडातून निघाली की आशीर्वाद.

वराचं तसं नाही. तो मागावा लागतो, देणाऱ्याच्या हातात द्यायला काहीतरी असतं आणि दिल्यावर देणारा शब्दाने बांधला जातो. पुण्याई कमावलेली असते, न बोलताही पाठीशी राहते. दुवा मूळचा अरबी, अर्थ देवाकडे केलेली याचना. आशिस्‌ला सगळ्यात जवळचा तोच. ‘शुभं भवतु’ हे वाक्य पाहा. कर्ता ‘शुभ’ आहे, ‘मी देतो’ कुठेच नाही. आई-वडील मागणारे, देणारा निराळा.

पाटीपेन्सिल: मग त्यांच्याच आशीर्वादाला एवढं वजन का?

उपधा: तैत्तिरीय उपनिषदात, शीक्षावल्लीच्या ११व्या अनुवाकात, शिकून निघालेल्या शिष्याला आचार्य ‘मातृदेवो भव, पितृदेवो भव’ सांगतात. याचा अर्थ सर्रास ‘आई देव आहे’ असा करतात. समास बहुव्रीही आहे: माता हाच ज्याचा देव, असा तू हो. विशेषण मुलाचं, आईचं नव्हे! म्हणजे बदल आधी वाकणाऱ्यात व्हायचा. पुढे आई-वडिलांच्या तोंडून ‘आयुष्मान् भव’ येतं. शब्द तोच ‘भव’, पण तिथे उपदेश आणि इथे इच्छा. व्याकरणकार पाणिनी (अष्टाध्यायी ७.१.३५) इच्छेच्या अर्थी ‘भवतात्’ असं वेगळं रूपही देतो. ‘घेणे’ हे क्रियापद म्हणूनच मला खटकत नाही. वस्तू हातात पडत नाही हे खरं, पण घेणारा तयार नसेल तर बोललेलं वाऱ्यावर जातं.

रफार: एक व्यावहारिक पुरवणी, कारण संस्कृतात आशीर्वाद देताना रूपं हमखास चुकतात. मुलीला ‘यशस्वी भव’ नाही, यशस्विनी भव; तसंच आयुष्मती, विजयिनी. ‘दीर्घायुषी भव’, ‘शतायुषी भव’ कानाला गोड लागतात, पण दीर्घायुषी हे मराठी विशेषण. संस्कृतात ते नपुंसकलिंगी द्विवचन होऊन बसतं! दीर्घायुर्भव, शतायुर्भव म्हणावं. मुलगा-मुलगी दोघांना चालतं. दोघं एकदम वाकली तर भवतम्, तिघं किंवा जास्त असली तर भवत, आणि विशेषणही त्या वचनात. एवढं ऐनवेळी सुचत नसेल तर ‘कल्याणमस्तु’. त्यात समोरच्याचं लिंग, वचन काहीच पाहावं लागत नाही.