काटा, टेप आणि ब्लाउजचं अस्तर

तुळशीचं लग्न लागलं की नागपुरात दोन गोष्टींना ऊत येतो, एक हुरड्याला आणि दुसरा ‘महिन्यात 10 किलो वजन कमी’ला. म्हणून हा धागा. अट एकच, ‘मी इतके उतरवले’ नको, आधी-नंतरचे फोटो तर मुळीच नकोत. ज्यांचा रोज या कामाशी संबंध येतो त्यांनी माप, कृती आणि नेमकं चुकतं कुठं एवढंच सांगा.

आहारतज्ज्ञ, धरमपेठ

काट्यापासूनच सुरू करते. काटा सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर नको, सपाट फरशीवर हवा. सकाळी शौचाहून आल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण तेच कपडे. आठवड्यातून एकदा पुरे. रोज चढल्याशिवाय चैनच पडत नसेल तर सात दिवसांची सरासरी काढा, सुटा आकडा वाचू नका. एका दिवसात वजन 1 ते 2 किलो सहज हलतं. रात्री सावजी जेवण झालं की मिठामुळे शरीर पाणी धरतं, पाळीच्या आधीही धरतं. किलोभर चरबी म्हणजे अंदाजे 7,700 कॅलरी. एका पंगतीत एवढं जास्तीचं कोणी जेवत नाही, तेव्हा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वाढलेला किलो चरबीचा नसतो.

‘7 दिवसांत 3 किलो’चं गुपितही पाण्यातच आहे. यकृतात आणि स्नायूंत पिष्टाचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी असतं. पोळी-भात बंद केला की साठा संपतो, पाणी उतरतं आणि काटा खूश होतो. पोळी परत आली की पाणीही परत. माणसाला वाटतं आपली इच्छाशक्तीच कमी. इच्छाशक्तीचा यात काही संबंध नाही.

बीएमआयचंही, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणाऱ्या आकड्याचंही, एकदा गणित करून पाहा. उंची 158 सेंमी, वजन 60 किलो. 60 भागिले 1.58 भागिले 1.58, उत्तर 24. जागतिक निकषात 25 पर्यंत ठीक, भारतीयांसाठी धरतात त्या निकषात 23 च्या पुढे ‘जास्त वजन’. बाई तीच, शिक्के दोन. शिवाय या आकड्याला चरबी आणि स्नायू यातला फरक कळत नाही. शुगर, बीपी, रक्तातली चरबी आणि कंबर यांच्या शेजारी ठेवूनच तो वाचायचा.

नर्सिंग स्टाफ, मेडिकल चौक

कंबर म्हणजे साडीची गाठ नव्हे आणि पँटचा पट्टाही नव्हे. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपा, दोन्हींच्या मधोमध टेप लावा. आरशात पाहून टेप मागंपुढं सारख्या उंचीवर आहे ना ते बघा, नेहमीसारखा श्वास सोडा आणि मग वाचा. टेप कातडीला टेकलेला असावा, रुतलेला नको. भारतीय बायकांना 80 आणि पुरुषांना 90 सेंमीच्या पुढं तपासण्या करून घ्यायला सांगतात. पोट आत ओढून घेतलेलं माप बिनकामाचं.

लेडीज टेलर, महाल

ब्लाउज घट्ट झाला की बाई आधी स्वतःला बोल लावते. काहून बाप्पा? आधी ब्लाउज उलटा करा. वरचं कापड फुगलेलं अन् आतलं अस्तर ताणलेलं दिसलं तर अस्तर आटलं आहे, तुम्ही वाढल्या नाही. सुती अस्तर न भिजवता शिवलं की पहिल्या-दुसऱ्या धुण्यातच आटते. कापायच्या आधी ते रात्रभर साध्या पाण्यात ठेवायचं, न पिळता वाळवायचं, मग इस्त्री. घाईच्या सीझनात हेच राहून जाते.

दुसरं, माया, म्हणजे शिवणीत आत राखलेलं जास्तीचं कापड. दोन्ही बगलेच्या शिवणीत एक-एक इंच माया मागून घ्या, घेर दोन-तीन इंच सहज वाढतो. पण फक्त छातीत सोडवून भागत नाही, मुंढ्यातही सोडवावं लागते, नाहीतर हात वर केला की काखेत कापते. लग्नाचं माप ‘तोपर्यंत बारीक होईन’ धरून देऊ नका. आजचं द्या, टेपात एक बोट जाऊ द्या अन् लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी ट्रायल ठेवा. सैल असलं तर अर्ध्या तासात आत घेता येते. रेडिमेडचा एम अन् एल मनावर घेऊ नका, दर कंपनीचा वेगळा असते.

मेस चालवणारी, नंदनवन

तर्री-पोहे उगाच बदनाम आहेत. एका प्लेटीत कोरडे पोहे 50 ग्रॅमच्या आसपास. भार असतो तो तर्रीवरच्या तेलाचा. आठ प्लेटींना 250 ग्रॅम काळा चना रात्रभर भिजवून शिजवा, तेल 4 मोठे चमचे, म्हणजे 60 मिली. एवढ्या तेलात कांदा खाली लागतो, तेव्हा पाण्याचा शिपका देत परता. सुकं खोबरं, खसखस, धने कोरडेच भाजून पाण्यात बारीक वाटा. तिखट टाकायच्या आधी गॅस बंद करून मिनिटभर थांबा. कडक तेलात तिखट जळलं की रंग काळपट होतो आणि मग लोक रंगासाठी आणखी तेल ओततात. मूठभर चना ठेचून घातला की रस्सा दाट होतो. झाकण न ठेवता 10-12 मिनिटं मंद उकळा, तवंग आपोआप वर येतो. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर.

तेलाचा हिशोब पिशवीवर ठेवा. माणशी दिवसाला 20 ते 25 मिली धरलं तर चौघांना महिन्याला अडीच ते तीन लिटर. रोज चमचे मोजत बसायचं काम नाही. सकाळी फक्त लिंबूपाणी घेणाऱ्या पोरी चार वाजता आलूबोंड्यावर तुटून पडतात, तो हावरटपणा नव्हे, भूक आहे.

जिम ट्रेनर, सदर

घाम म्हणजे चरबी नव्हे. प्लॅस्टिकचं जॅकेट घालून मे महिन्यात फुटाळा तलावाला चकरा मारू नका, इथं ऊन 45 च्या वर जातं, पोरं चक्कर येऊन पडतात. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाच्या आत घरी. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, 8 ते 12 वेळा, असे तीन सेट, आठवड्यातून दोन-तीन दिवस. इथून सुरुवात करा.

शाळेतली समुपदेशक, प्रतापनगर

मुलींचं वजन पाळी येण्याच्या आधीच्या वर्षांत वाढतं आणि ते वाढायलाच हवं. कधी आधी अंग भरतं, उंची मागून येते. या वयात किलो उतरवण्याचं डाएट डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. वजन जास्त वाटलं तरी बहुतेकदा ते आहे तिथं राहू द्यायचं आणि उंचीला वेळ द्यायचा. शाळेत आरोग्य तपासणीला पडद्याआड एकेकीला घ्या, आकडा मोठ्यानं पुकारू नका. वर्गातली टोपणनावं तिथंच जन्मतात. आणि मामे-मावश्यांनो, ‘किती सुकलीस गं’ हीसुद्धा शेरेबाजीच.

मानसोपचार विभागातून

1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते चिडचिडे झाले, उदास झाले, काहीजण तर स्वयंपाकाची पुस्तकं जमवायला लागले. उपासमारीत डोक्यात सतत जेवण घोळतं, ते असं.

खाण्याशी जडलेल्या मानसिक आजाराच्या, घरच्यांनी पाहायच्या खुणा: पाळी तीन महिने न येणं, जेवून उठताच न चुकता बाथरूम, सगळ्यांसोबत जेवायचं टाळणं, एप्रिलच्या नागपुरातही स्वेटर. वजन नेहमीइतकं किंवा जास्त असलं तरी हा आजार असू शकतो, इथंच घरचे फसतात. चक्कर, छातीत धडधड असेल तर वाट पाहू नका. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416. ताटावर पहारा बसवू नका, शेजारी बसून जेवा.

धागा काढणारीकडून

काटाच खोटा असला तर, असं दोघींनी विचारलं आहे. पाण्याची 20 लिटरची भरलेली कॅन घ्या. एकदा रिकाम्या हातानं काट्यावर उभ्या राहा, एकदा कॅन उचलून. फरक 20 किलो आणि कॅनचं थोडं वजन एवढा यायला हवा. तीनदा करून तीन वेगळे फरक आले तर आधी सेल बदला. कंबर दुखत असेल तर हा उद्योग दुसऱ्याला करायला सांगा.