मदत हवी आहे : 'मरावे परी कीर्तिरूपे उरावे' नेमके कुठले?

मंडळी, वाचनालयाच्या स्मरणिकेत ही ओळ छापायची आहे. सगळे बेधडक खाली 'समर्थ रामदास' लिहितात. मनाच्या श्लोकांतला आठवा श्लोक काढून पाहिला. तिथे 'देहे त्यागिता कीर्ति मागे उरावी' आहे. आशय तोच, शब्द वेगळे. गंमत म्हणजे दोन्ही ओळी भुजंगप्रयात या एकाच वृत्तात बसतात, त्यामुळे पाठांतरात सरमिसळ सहज होऊ शकते. (भिंतीवरच्या सुविचारांचा तर भरवसाच नको!)

ही ओळ समर्थांच्या दुसऱ्या एखाद्या रचनेत आहे का? की नंतरच्या कोणा कवीची? ग्रंथाचे नाव, आवृत्ती आणि पानाचा फोटो मिळाला तर फार बरे. 'लहानपणापासून ऐकतोय' एवढ्यावर मात्र संपादक ऐकणार नाहीत.