अनुभव धागा: 'रात्रीस खेळ चाले'च्या तिसऱ्या भागात तुम्हाला भीती वाटली का?

पडवीतला (धागाकर्ता)
परवा भाची मोबाईलवर झी मराठीच्या 'रात्रीस खेळ चाले' मालिकेचा तिसरा भाग बघत होती. दीडपट वेगाने, कुरमुरे खात. म्हटलं, अगं भुताचं आहे ते! तर म्हणते, "मामा, अण्णा दिसले की बरं वाटतं. ओळखीचं कोणीतरी आलं असं." मी गप्पच बसलो. २०१६ मध्ये पहिला भाग रात्री साडेदहाला लागायचा, तेव्हा आमच्या घरात मोरीपर्यंत जायलाही सोबत लागायची.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिला भाग फेब्रुवारी २०१६ मध्ये आला, कोकणातल्या वाड्याचे मालक अण्णा नाईक सुरुवातीलाच गेलेले. जानेवारी २०१९ मध्ये दुसरा, तो त्याच्या आधीची गोष्ट सांगणारा. त्यात अण्णा जिवंत, त्यांची प्रेयसी शेवंता आली आणि सगळा महाराष्ट्र शेवंतामय झाला. तिसरा २२ मार्च २०२१ पासून रात्री अकराला. वाड्याला अवकळा आलेली, अण्णा आणि शेवंता दोघंही भुतं. एप्रिल २०२२ मध्ये संपला.

माझं मत: जिवंत असताना अण्णा जास्त भयंकर होते. मेल्यावर मवाळ झाले. तुमचं सांगा, पण नुसतं 'भारी' किंवा 'बकवास' नको. कुठे बसून, कोणाबरोबर बघितलंत, कधी टरकली, कधी हसू आलं ते लिहा.

मोगरा
रुमाल टाकतेय. सविस्तर रात्री.

तिसरी घंटा
अगदी पटलं. दुसऱ्या भागातले अण्णा नुसते ओटीवर येऊन बसले तरी घरातल्या बायका गप्प व्हायच्या. त्यासाठी भूत व्हायची गरजच नव्हती. असा माणूस प्रत्येकाने कुठल्या तरी नात्यात पाहिलेला असतो. माधव अभ्यंकरांनी तो जरब असलेला म्हातारा नजरेनेच उभा केला होता. तिसऱ्या भागात त्याच नजरेवर उजेड मारला, मागे धूर सोडला, वर दणदणीत संगीत चढवलं. ज्याला काहीच लागत नव्हतं त्याला सगळं लावलं.

मी एकांकिकांना पार्श्वसंगीत देतो, म्हणून आणखी एक. रोजच्या मालिकेत भय टिकवणं अवघडच, कारण दर जाहिरातीच्या आधी काहीतरी घडावं लागतं. दार करकरतं, कोणीतरी मागे वळून बघतं, जाहिरात. परत आल्यावर कळतं की मांजर होतं. हे आठवड्यातून पाच-सहा दिवस पाहिलं की प्रेक्षकाच्या अंगात घड्याळ बसतं. माझी बायको करकर ऐकू आली की उठून दूध तापवायला जायची. दूध उतू जायच्या आत जाहिराती संपत.

कुडाळकर
आमच्या आजीचा अनुभव लिहितो. वय तेव्हा ८४, उभा जन्म गावात. २०१६ मध्ये तिने पहिला भाग घरात लावायला बंदी केली होती. आमच्याकडे तेव्हा मालिकेवर नाराजी होतीच, कोकण म्हणजे नुसतं भुताटकीचं आगर असं दाखवतात म्हणून. आजीचं कारण मात्र वेगळं होतं. तिन्हीसांजेनंतर असल्या नावांचा उच्चार करू नये, एवढंच.

तिसरा भाग आला तेव्हा मी मुंबईहून गावी येऊन अडकलो होतो, घरून काम. अकराला मी टीव्ही लावायचो, आजी आतल्या खोलीतून ओरडायची. मग हळूहळू माजघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायला लागली. चार-पाच दिवस बघितलं आणि म्हणाली, "ह्यो रोज येता, मगे ह्येका भियाचा कित्याक?" आणि पान लावायला घेतलं. त्यानंतर ती रोज बघायची. भुतासाठी नव्हे, अण्णांच्या बायकोसाठी, माईंसाठी. "ह्या बायेन लय सोसल्यान," म्हणायची.

वांद्रे लोकल
शेवंता बदलली तेव्हा आमच्याकडे घरगुती संकट आलं होतं. अपूर्वा नेमळेकर गेली, कृतिका तुळसकर आली. आई दोन दिवस टीव्हीसमोर जुन्या शेवंताची वाट बघत बसली. बाबा म्हणाले, "अगो भूत आहे ती, रूप बदलणारच." आईने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अख्ख्या तिसऱ्या भागातल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा भीतीदायक होती.

नव्या शेवंताचा यात काही दोष नाही हो. पण प्रेक्षकाने ज्या चेहऱ्यावर वर्ष-दीड वर्ष जीव टाकला तो चेहरा मध्येच काढून घेतला की भूतही परकं होतं.

पांडूप्रेमी
मीपण काहीतरी महत्त्वाचं लिहायला आलो होतो. इसरलंय.

पडवीतला
@पांडूप्रेमी 😄 मालिकेतल्या विसरभोळ्या पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते. त्यामुळे ते विसरले तर खरंच पंचाईत.

शिरोड्याचो झील
मी जरा मोठं लिहिणार आहे, चालवून घ्या.

मालिकेचं चित्रीकरण आमच्याच जिल्ह्यात, सावंतवाडीजवळ आकेरीला. त्या वाड्यासमोर आता गाड्या थांबतात. मी मुलांना घेऊन गेलो होतो. टीव्हीवर तो वाडा केवढा वाटतो! प्रत्यक्षात आपल्याकडे असतं तसंच घर. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, हे तर आपल्या आत्याच्या घरासारखं आहे." भीती वगैरे काही नाही, फोटो काढले आणि आलो.

परतताना वाट वाकडी करून आरवलीला वेतोबाच्या पाया पडायला गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, वेंगुर्ले तालुक्यात आमच्या शिरोड्याला लागूनच आरवली. तिथला वेतोबा म्हणजे भुतांचा राजा आणि गावाचा राखणदार. त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या वहाणा वाहतात. वहाणा केवढ्या? माझी दोन्ही पावलं एकीत मावतील. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे.

मुलगी आकेरीत खिदळत होती, ती इथे त्या वहाणांसमोर उभी राहिली आणि माझा हात धरला. एका वहाणेचा तळ टाचेकडे घासलेला होता. तिने तो बोटाने दाखवला, बोलली काहीच नाही. मीसुद्धा काही समजावलं नाही. कोणी घातली, कधी घातली, तुम्हीच ठरवा.

तिसऱ्या भागात हे कुठे होतं? पहिल्या भागात थोडं होतं. अण्णा समोर नव्हते, पण माणसं त्यांच्याबद्दल खालच्या आवाजात बोलायची. तिसऱ्या भागात अण्णा स्वतःच येऊन स्वतःबद्दल बोलतात, तेही मोठ्याने. देवचार (गावाचा राखणदार), बायंगी (घरात पैसा आणणारं भूत), चकवा (वाट चुकवणारा) ही आमच्याकडची सगळी मंडळी न दिसण्यावरच जगतात. बायंगी कोणी विकत आणली असं गावात बोललं जातं, पण ती पाहिलेला माणूस मला आजवर भेटला नाही. बायंगी आणलेल्या घरी मात्र कोणी पाणी पीत नाही.

भांडुपची सासू
@शिरोड्याचो झील, वाचून काटा आला. आता आजच्या रात्री मी गॅलरीत कपडे काढायला जाणार नाही, तुमच्यामुळे.

माझं मत उलटं आहे. मला तिसरा भाग आवडला. पहिल्याचा शेवट मला मुळीच पटला नव्हता, इतका जीव टांगून ठेवून हाती काय दिलंत? दुसऱ्यात अण्णांच्या बाईलवेडाचं इतकं कौतुक झालं की आमच्या सोसायटीच्या गणपतीत पुरुष अण्णांच्या नकला करायला लागले. तिसऱ्यात निदान त्यांनी केलेलं घराला भोगावं लागतं. बाप मेला तरी त्याची भानगड मुलांच्या डोक्यावर. आमच्या ह्यांच्या गावच्या घराचा सातबारा बघा, भुताची गरज नाही.

चहाटळ
+१ सातबाऱ्याला. आमच्याकडे २३ नावं आहेत, त्यातली ९ वर गेलेली. वाडा विकायला काढा, सगळे दिसायला लागतील.

मोगरा
रुमाल टाकला होता, आता लिहिते.

एप्रिल २०२१. बाबा दवाखान्यात, मी आणि आई घरात, दोघी दोन खोल्यांत. दवाखान्यातून फोन कधी आठला यायचा, कधी दहाला, कधी यायचाच नाही. झोप येणं शक्य नव्हतं. अकराला मी टीव्ही लावायचे आणि आवाज वाढवायचे, म्हणजे आईला तिच्या खोलीत ऐकू जाईल. ही मालिका आम्ही आधी कधी बघितलीही नव्हती. त्या वेळेला जे लागलेलं असायचं ते बघायचो, इतकंच.

बाबा गेले. आम्हाला लांबूनसुद्धा बघता आलं नाही. दिवस घातले ते व्हिडिओ कॉलवर, गुरुजी नाशिकला आणि आम्ही इथे. त्याच सुमारास चित्रीकरणं बंद झाली आणि मालिकाही मध्येच थांबली. ऑगस्टमध्ये परत सुरू झाली तेव्हा आम्ही दोघी एका खोलीत बसून बघत होतो.

तुम्ही सगळे म्हणताय ते खरं आहे, भीती मुळीच वाटत नव्हती. एकदा अण्णा वाड्यात फिरत होते, ते नेहमीचंच संगीत वाजत होतं. मी म्हटलं, "काय रटाळ आहे गं, बंद करू?" आई म्हणाली, "राहू दे. ह्याला घरात तरी येता येतंय."

मी ती मालिका चांगली होती असं म्हणणार नाही. शेवटचे दोन-तीन महिने मी बघितलीही नाही, सकाळी लवकर कामावर जायचं असायचं. आई एकटी बघायची. बाबांच्या खुर्चीवर आमच्याकडे वाळलेले कपडे टाकायची सवय आहे. अकरा वाजले की आई ते कपडे उचलून पलंगावर ठेवायची. का, ते मी कधी विचारलं नाही.